गावचा पाऊस आणि सरासरी : इयत्ता पाचवी ते सातवीसाठी एक पाठ

उद्देश. ‘यंदा पाऊस कमी झाला’ हे वाक्य अंजनगाव सुर्जीच्या परिसरातील प्रत्येक मूल घरी ऐकते. कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा आणि पानमळे यांवर ज्यांचा संसार चालतो, त्यांच्या घरी हा केवळ बोलण्याचा विषय नव्हे. परंतु कमी म्हणजे कशापेक्षा कमी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारण्याची आणि आकड्यांनी सोडविण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, हा या पाठाचा हेतू आहे.

मोजणी. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागी ठेवावा. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर तो असावा. साठलेल्या पाण्याची उंची पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी. डब्याचे तोंड लहान असो की मोठे, बाजू सरळ असल्यास उंची तीच येते; हे दोन डबे शेजारी ठेवून मुलांना दाखवावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हेही सांगावे. हवामान खात्याची नोंद सकाळी ८.३० वाजता होते. शाळेनेही तीच वेळ पाळावी. शाळा त्या वेळी उघडत नसल्यास जवळ राहणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याकडे हे काम सोपवावे.

पाऊस न पडलेल्या दिवशी शून्य लिहावे. मोजणी राहून गेल्यास आडवी रेघ मारावी. या दोहोंत गल्लत झाली तर संपूर्ण वही निरुपयोगी होते. पावसाळ्याचा हिशेब १ जूनपासून धरतात, पण विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. सुटीतील मोजणीची व्यवस्था आधीच करावी. न जमल्यास ते आकडे महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून घ्यावेत व तसे नमूद करावे.

सरासरी. चारपाच वर्षांच्या बेरजेवरून काढलेली सरासरी भरवशाची नसते. एकच अतिवृष्टीचे वर्ष तिला वर ओढते. म्हणून जगभर निदान तीस वर्षांची सरासरी प्रमाण मानतात. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते देशाच्या मोसमी पावसासाठी पन्नास वर्षे घेते. १९६१ ते २०१० या काळाची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. २०२२ पासून १९७१ ते २०२० या काळाची ८६८.६ मिलिमीटर ही सरासरी वापरतात. एखाद्या वर्षी ८७५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो जुन्या मापाने कमी आणि नव्या मापाने अधिक ठरेल. म्हणून सरासरीपुढे तिची वर्षे लिहिलीच पाहिजेत.

जागाही तीच हवी. गाविलगडच्या डोंगरावरील चिखलदरा आणि सपाटीवरील दर्यापूर एकाच जिल्ह्यात आहेत; पण दोन्हीकडचा पाऊस सारखा नसतो. जिल्ह्याच्या सरासरीशी एका गावाची तुलना करून निष्कर्ष काढू नये; तालुक्याची किंवा मंडळाची सरासरी घ्यावी.

उदाहरण. (आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत.) एका गावी ३१ जुलैपर्यंतची सरासरी ३०० मिलिमीटर आहे, यंदा त्या तारखेपर्यंत २५५ मिलिमीटर पडला. फरक उणे ४५. त्यास ३०० ने भागून १०० ने गुणिले असता उणे १५ टक्के येतात. हेच २५५ जर संपूर्ण हंगामाच्या ७०० मिलिमीटर सरासरीशी ताडून पाहिले, तर सुमारे ३६ टक्केच पाऊस झाला असे दिसून विनाकारण घबराट होईल. तुलना त्याच तारखेपर्यंतच्या सरासरीशीच करावी.

जिल्हा किंवा विभागाच्या पावसासाठी सरासरीहून १९ टक्क्यांपर्यंत कमी वा अधिक पाऊस खाते ‘सर्वसाधारण’ मानते. २० ते ५९ टक्के कमी झाल्यास ‘तुटीचा’ आणि ६० ते ९९ टक्के कमी झाल्यास ‘अतितुटीचा’.

आता खरा प्रश्न विचारावा. एका गावात हे २५५ मिलिमीटर सतरा दिवसांत, रोज १५ याप्रमाणे पडले. दुसऱ्या गावात १९५ मिलिमीटर तीनच दिवसांत कोसळले, उरलेले ६० सहा दिवसांत पडले, आणि पेरणीनंतर एकवीस दिवस आभाळ कोरडे राहिले. दोन्ही गावांची टक्केवारी एकच. मग दुसऱ्या गावात दुबार पेरणी का करावी लागली? उसनवारीने आणलेले बियाणे मातीत का गेले? मुले उत्तर शोधतील: बेरीज पावसाचे प्रमाण सांगते, त्याची वेळ सांगत नाही. म्हणून वहीत एकूण पावसाबरोबर पावसाळी दिवसांची संख्या (२.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेला दिवस) आणि सर्वांत मोठा खंड हेही लिहावे.

‘पाऊस झालाच नाही’ असे सांगणारा बाप खोटे बोलत नसतो, आणि ‘सर्वसाधारण’ म्हणणारा तक्ताही खोटा नसतो. दोघे निरनिराळ्या गोष्टी मोजत असतात. एवढे विद्यार्थ्याला उमगले तर पाठ सफल झाला.

सूचना. तीस वर्षांची सरासरी एका शिक्षकाच्या एका गावातील नोकरीत तयार होत नाही. म्हणून पर्जन्याची वही शाळेच्या दप्तरात ठेवावी आणि बदलीच्या वेळी इतर दप्तराबरोबर तिचाही चार्ज द्यावा. नव्या शिक्षकाने डब्याची जागा बदलू नये. बदलावी लागल्यास तारीख व कारण त्याच पानावर लिहावे.