घरातल्यासारखी

मुरबाड

चि. बेबी,

जर्मनीतील ज्या कुटुंबात तू 'ओ पेअर' म्हणून, म्हणजे त्यांच्या घरी राहून मुले सांभाळावयास, जाणार आहेस, त्यांचा करारनामा शहापूरहून माझ्याकडे पाहावयास पाठविलास, हे फार बरे केलेस. तहसील कचेरीत तीस वर्षे लोकांचे दस्तऐवज वाचीत आलेल्या या डोळ्यांनी तो दोनदा वाचला. तपशील तेथील नियमांस धरून आहे: दिवसास सहा आणि आठवड्यास तीस तासांहून अधिक काम नाही, आठवड्यात दीड दिवस सुटी, स्वतंत्र खोली, विमा त्यांच्या खर्चाने, दरमहा २८० युरो हातखर्च, भाषावर्गासाठी ७० युरो, मुदत एक वर्ष. 'ओ पेअर' या फ्रेंच शब्दांचा अर्थच मुळी 'बरोबरीच्या नात्याने' असा आहे.

परंतु सोबतच्या पत्रातील 'तू आम्हांला घरातल्यासारखीच' या वाक्यापाशी मी थबकलो. हे शब्द मी आपल्याच घरी ऐकले आहेत. तुझी आई तान्ही असताना तिला सांभाळण्यास टोकावड्याकडील एका वाडीवरून दहा वर्षांची पोर आणली होती, आणि आल्यागेल्यास मोठ्या कौतुकाने सांगितले जाई की, ती आमची घरचीच आहे. पंगती उठून गेल्यावर, तुझ्या आईला मांडीवर घेऊन माजघराच्या उंबऱ्याशी बसलेली ती पोर, मूल जागे होऊ नये म्हणून डाव्या हाताने थोपटीत, उजव्या हाताने निवलेला भात कालवीत आहे, हे दृश्य पन्नास वर्षांनीही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. घरचीच म्हणून तिला पगार नव्हता, सुटी नव्हती. शाळा तर नव्हतीच. आमच्या घरात कोणी दुष्ट नव्हते, म्हणूनच हे तुला सांगतो. पाटी-दप्तर घेऊन रोज तिच्यासमोरून शाळेत जाणाऱ्या मलाही त्यात कधी काही वावगे वाटले नाही.

परक्या घरचा जिव्हाळा खोटाच असतो, असे मात्र समजू नकोस. आपल्या शेजारच्या कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील रोझेल येथील कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. पण त्या तेथे शिकावयास गेल्या होत्या, मावशीची मुले त्यांच्या अंगावर टाकलेली नव्हती. तुझे तसे नाही. तुझ्या बाबतीत माया आणि काम एकाच छपराखाली नांदणार आहेत.

तेव्हा मुलांना मनापासून जीव लाव, आणि तास मात्र मोजून घे. पहिल्याच आठवड्यात कामाचे वेळापत्रक लेखी माग. 'आजच्या दिवस जरा मुलांजवळ थांब' म्हणताना पहिली गदा भाषावर्गावरच येते. तो बुडू देऊ नकोस. पासपोर्ट स्वतःच्या पेटीत ठेव.

तुझ्या आईबरोबर निळ्या पुठ्ठ्याची एक वही पाठवीत आहे. तिच्यात रोजचे तास मांडून, दर महिनाअखेर त्या पानाचे छायाचित्र मला पाठवीत जा.

तुझा,
मामा