प्रोग्रॅम-बदलाचा संदेश

सिंथेसायझर या वाद्याचा ध्वनी ताणलेल्या तारेतून किंवा पोकळ नळीतून निघत नाही. तो विद्युत-स्पंदनांपासून घडविला जातो. आरंभीच्या सिंथेसायझरांत एका ध्वनीवरून दुसऱ्या ध्वनीवर जायचे झाल्यास वादकाला अनेक गुंड्या नव्याने फिरवून लावाव्या लागत. श्रोत्यांसमोर, दोन गीतांमधील अल्प अवधीत, हे काम बिनचूक करणे फार कठीण होते. १९७८ साली अमेरिकेतील सिक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीने प्रॉफेट-५ हे वाद्य बाजारात आणले. सूक्ष्मप्रक्रियकाच्या साहाय्याने गुंड्यांची स्थिती स्मृतीत जतन करण्याची सोय त्यात होती. आरंभी असे ४० ध्वनी त्यात साठविता येत. जतन केलेल्या अशा प्रत्येक ध्वनीस ‘प्रोग्रॅम’ म्हणतात.

परंतु एकाच वादकापुढे तीन-चार सिंथेसायझर मांडलेले असले, तर प्रत्येकाची बटणे वेगवेगळी दाबावी लागत. त्यातच एका कंपनीच्या वाद्याची भाषा दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला कळत नसे. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी समान भाषेसाठी पुढाकार घेतला. जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यप्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ ही दोन वाद्ये एका केबलने जोडून दाखविण्यात आली. त्याच वर्षी ‘म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस’, म्हणजेच मिडी, हे प्रमाण प्रसिद्ध झाले.

संदेशाची रचना

मिडीच्या केबलमधून ध्वनी वाहत नाही. केवळ आज्ञा वाहतात. प्रोग्रॅम-बदलाची आज्ञा अवघ्या दोन बाइटांची असते. पहिला बाइट आज्ञेचा प्रकार आणि १६ वाहिन्यांपैकी एक वाहिनी सांगतो. दुसरा ० ते १२७ यांपैकी एक संख्या देतो. सेकंदाला ३१,२५० बिट या मूळ मिडीच्या वेगाने हा संदेश सेकंदाच्या एक हजारांशाहूनही कमी काळात पोहोचतो. प्रत्येक वाद्याला निराळी वाहिनी नेमून दिली, म्हणजे एकाच स्वरपट्टीवरून सर्व वाद्यांचे ध्वनी स्वतंत्रपणे बदलता येतात.

१२८ हून अधिक ध्वनी असलेल्या वाद्यांत ध्वनींच्या ‘बँका’ केलेल्या असतात. तेथे आधी बँक निवडीचा आणि नंतर प्रोग्रॅम-बदलाचा संदेश धाडावा लागतो. हा क्रम उलटल्यास बहुधा भलत्याच बँकेतील ध्वनी उमटतो.

संख्या आणि तिचा अर्थ

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. संदेशात केवळ क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा अर्थ ग्रहण करणाऱ्या वाद्याच्या स्मृतीत असतो. एकाच क्रमांकाने एका वाद्यात ऑर्गन, तर दुसऱ्यात घंटानाद निघू शकेल. ही विविधता आवरण्यासाठी १९९१ साली ‘जनरल मिडी’ची सर्वमान्य यादी निश्चित झाली. तीत पहिला क्रमांक पियानोचा असून १०५ वा सतारीचा आणि ११२ वा सनईचा आहे. मात्र स्वतःचे ध्वनी घडविणाऱ्या वादकाला ही यादी पुरत नाही. त्याला आपली यादी स्वतःच करावी लागते.

ती करताना एका अंकाची चूक सहज होते. काही वाद्ये गणती शून्यापासून करतात, तर काही एकापासून. त्यामुळे यादीतील १२ व्या ध्वनीसाठी प्रत्यक्षात ११ ही संख्या पाठवावी लागते.

मंचावरील शिस्त

प्रयोगाच्या वेळी आणखी दोन धोके संभवतात. कित्येक वाद्यांत प्रोग्रॅम बदलताच लांबत असलेला स्वर मध्येच तुटतो. म्हणून संदेश स्वर विरल्यानंतरच धाडणे इष्ट. किंवा एक वाद्य वाजत असताना दुसऱ्या, मूक असलेल्या वाद्यात पुढील ध्वनी सिद्ध करून ठेवावा. दुसरा धोका असा की, वाजविताना हाताने केलेले फेरफार जतन केलेले नसतील, तर नवा क्रमांक येताच ते सामान्यतः नाहीसे होतात. तालमीत साधलेला सुंदर ध्वनी अशा रीतीने कायमचा हरवू शकतो. स्मृतीतील सर्व ध्वनींची प्रत दुसरीकडे ठेवणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शिवाय मूळ मिडीची केबल एकमार्गी आहे. संदेश पोहोचला किंवा नाही, याची पोच ती देत नाही. २०२० साली जाहीर झालेल्या मिडी २.० या प्रमाणात वाद्यांच्या परस्पर संवादाची सोय आहे. परंतु जुनी वाद्ये अद्याप मोठ्या प्रमाणात वापरात असल्याने पहिला स्वर छेडण्यापूर्वी वाद्याच्या पडद्यावरील क्रमांक डोळ्यांनी पाहून घेणे, हाच सर्वांत भरवशाचा उपाय होय. यंत्र क्रमांकाची आज्ञा तत्काळ पाळते. तो क्रमांक योग्य असण्याची जबाबदारी मात्र वादकाचीच राहते, आणि ती प्रयोगाच्या आधीच पार पाडावी लागते.