दर महिन्याला शाळा बुडते

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी पोट इतकं दुखतं की शाळा बुडते. सासूबाई म्हणतात, वेदनाशामक गोळ्यांची सवय लागेल. – एक आई, वांद्रे (पूर्व)

उत्तर : या गोळ्यांची सवय लागत नाही. गर्भाशयाच्या अस्तरातल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे स्नायू आवळतात, म्हणून कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयब्युप्रोफेनमुळे हे रसायन तयार होणंच कमी होतं. म्हणून ती कळवळेपर्यंत थांबू नका. दुखू लागताच, काहीतरी खायला घालून गोळी द्या. मात्रा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दमा किंवा पित्ताचा त्रास असेल तर जरूर सांगा. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवीही छान काम करते. ‘लग्नानंतर थांबेल’ हे मात्र कानाआड करा! दोन-तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) या वयातही असू शकतो.