अपील पहिल्या दिवशीच सुरू होते

अभ्यासपाठ : सूड, साक्ष आणि न्याय
वाचन : गणना ३५:९–३४, अनुवाद १९:१–२१, रोम. १२:१७–१३:४



गावात खून झाला की दोन वाक्ये लगेच कानांवर येतात. एक, "आता त्यांच्यातलाही एक जाणार." दुसरे, "कोर्टात जाऊन काय होणार? वरच्या कोर्टात सुटतील." पहिले वाक्य सुडाचे, दुसरे निराशेचे, आणि पुष्कळदा निराशेतूनच सूड जन्माला येतो. म्हणून वरच्या कोर्टात, म्हणजे अपिलात, नेमके काय घडते हे आपण एका खऱ्या खटल्यावरून समजून घेऊ. हा खटला आदिवासी कुटुंबाचा नाही. पण ज्या कायद्यापाशी तो अडला, तो अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती या दोहोंच्या संरक्षणासाठी केलेला आहे. म्हणून त्यातला धडा आपल्या पाड्यांसाठीही आहे.

१. खैरलांजीचा खटला

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी हे छोटे गाव आहे. सप्टेंबर २००६ मध्ये तेथे एका पोलीस पाटलाला मारहाण झाली. गावातील एका बौद्ध शेतकरी कुटुंबातील आई आणि मुलीने मारणाऱ्यांना ओळखले व पोलिसांना तसे सांगितले. आरोपींना अटक झाली आणि २९ सप्टेंबरला ते जामिनावर सुटले. त्याच संध्याकाळी जमावाने त्या घरावर हल्ला केला. आई, मुलगी आणि दोन मुलगे असे चौघे मारले गेले. वडील तेवढे वाचले.

तपासातील हलगर्जीपणाबद्दल पोलिसांवर निलंबनाची कारवाई झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. अकरा जणांवर खटला चालला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले व तिघांना सोडले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अपिलाचा निकाल दिला. दोष कायम राहिला; मात्र सहा जणांची फाशी रद्द होऊन त्यांना २५ वर्षांचा कारावास झाला. हत्येमागे जातिद्वेष नसून सूड होता, असे न्यायालयाचे मत पडले. अत्याचार प्रतिबंधक कायदा खालच्या न्यायालयाने लावला नव्हता. तो वरच्या न्यायालयातही लागला नाही.

२. अपिलात काय होते?

अपील म्हणजे नव्याने चालवलेला खटला, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. उच्च न्यायालयात साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. न्यायाधीश कागद वाचतात: पहिली खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, खालच्या कोर्टात झालेल्या साक्षी आणि उलटतपासणी. फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही. आरोपीने अपील केले नाही, तरीही सारा पुरावा तेथे पुन्हा तपासला जातो.

ही पद्धत संथ आहे, पण तिच्यात मोल आहे. जमावात कोण मारत होता आणि कोण नुसता उभा होता, हे रागाच्या भरात ठरवता येत नाही. मात्र तिची एक मर्यादाही आहे. जे कागदावर आलेच नाही, ते वरच्या न्यायाधीशांना दिसत नाही. पहिल्या दिवशी कोणी शिवी ऐकली पण जबाबात ती लिहिली गेली नाही, वैद्यकीय तपासणी अर्धवट झाली, जातीचा दाखला जोडला गेला नाही, तर चार वर्षांनी उत्तम वकीलही ती उणीव सहसा भरून काढू शकत नाही. या अर्थाने अपील पहिल्या दिवशीच सुरू होते.

३. 'सूड' या शब्दाचे वजन

सूड म्हटले की आधी कोणी तरी काही अपराध केला होता, असे ऐकणाऱ्याला वाटते. खैरलांजीच्या त्या आईने काय केले होते? डोळ्यांनी पाहिले ते पोलिसांना सांगितले होते. साक्ष देणे हा अपराध नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे. मग प्रश्न असा उरतो, की आपल्याविरुद्ध कोणीही साक्ष दिली असती तरी ही माणसे अशीच चालून गेली असती, की 'त्या' घरातल्या बाईने तोंड उघडले हे त्यांना सहन झाले नाही? सूड आणि जातीचा अहंकार एकाच मनात नांदू शकतात.

तेव्हाच्या कायद्यात मोठ्या गुन्ह्यासाठी, तो पीडिताच्या जातीच्या किंवा जमातीच्या 'कारणावरून' घडला, हे सिद्ध करावे लागे. दुसरे कारण दिसले की कलम गळून पडे. २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू झाली. आता पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे हे आरोपीला 'माहीत असताना' गुन्हा घडला, तरी पुरते. आरोपीची त्या कुटुंबाशी ओळख असेल, तर ही माहिती त्याला होती असे न्यायालय गृहीत धरू शकते. खेड्यात कोणाची ओळख नसते? त्याच दुरुस्तीने पीडित, त्यांचे आश्रित आणि साक्षीदार यांना संरक्षण देण्याची जबाबदारी शासनावर आली. जामिनाच्या सुनावणीची वेळेवर सूचना मिळण्याचा हक्कही पीडितांना व त्यांच्या आश्रितांना मिळाला. २९ सप्टेंबरची ती संध्याकाळ आठवली, म्हणजे या हक्काचे मोल कळते.

४. शास्त्र काय शिकवते?

'शरणपूर' हा शब्द नाशिकमुळे आपल्या परिचयाचा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात अशी सहा नगरे नेमून दिली आहेत: यार्देनेच्या पूर्वेला तीन, पश्चिमेला तीन. मृताचा नातलग रक्ताचा सूड घ्यायला निघे. त्याच्या आणि पळणाऱ्याच्या मध्ये देवाने मंडळीचा न्याय उभा केला. खून जाणूनबुजून झाला की चुकून, हे मंडळीने ठरवायचे होते.

या अध्यायांतील चार गोष्टी नीट पाहा. एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून कोणाला मरणदंड नाही. खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घ्यायची नाही. म्हणजे पंचांनी दंड आकारून, जेवण घालून खून मिटवणे शास्त्राला मान्य नाही. शरणपुरे इस्राएल लोकांसाठी तशीच परक्यांसाठी आणि उपऱ्यांसाठीही आहेत. आणि त्या नगरांकडे जाणारी वाट नीट तयार ठेवायची आहे. नगर नेमले पण वाटच नसेल, तर दमलेला माणूस तेथे पोहोचणार कसा?

प्रेषित पौल सूड देवावर सोपवायला सांगतो आणि लगेच पुढे अधिकाऱ्याच्या न्यायदानाविषयी बोलतो. सूड सोडणे म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

५. वाट तयार ठेवण्याचे आपले काम

– घटना घडताच कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात जावे. खबर देणाऱ्याच्या शब्दांतच लिहिली जावी व वाचून दाखवल्यावरच सही किंवा अंगठा द्यावा. गोंडी, भिली, पावरी बोलणाऱ्यासाठी समजावून सांगणारा माणूस बरोबर असावा. खबरीची प्रत विनामूल्य मिळते.

– जमातीचा दाखला घरात असावा. संकटाच्या दिवशी तो शोधत फिरण्याची वेळ येऊ नये.

– अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

– पुष्कळदा आपला माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात असतो. बांधाच्या भांडणात किंवा 'भुताळी' ठरवून झालेल्या हत्येत एका घराचा मुलगा जातो आणि दुसऱ्या घराचा तुरुंगात. कोठडीतल्या माणसालाही मोफत वकिलाचा हक्क आहे आणि तो तुरुंगातूनही अपील पाठवू शकतो. मुदत टळू नये एवढे आपण पाहावे. दोन्ही घरी जाणारी व्यक्ती मंडळीत असली पाहिजे.

– साक्षीदाराला एकटे सोडू नये. कोर्टाच्या तारखेला सोबत जाणे हीसुद्धा सेवाच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या भागात साक्ष द्यायला लोक कोणकोणत्या कारणांनी भितात? त्यातली कोणती भीती मंडळी कमी करू शकेल?
२. फाशी रद्द झाली म्हणजे न्याय नाकारला गेला का? दोन्ही बाजूंनी विचार करा.
३. पंचांनी मिटवलेले गंभीर गुन्ह्याचे एखादे प्रकरण आठवा. त्यात सर्वांत दुबळ्या माणसाच्या पदरी काय पडले?

प्रार्थनेसाठी : खरे बोलल्यामुळे ज्यांना घर किंवा जीव गमवावा लागला त्यांचे आप्त, भीतीच्या सावटाखाली राहणारे साक्षीदार, तुरुंगातून अपिलाच्या निकालाची वाट पाहणारे कैदी आणि त्यांची मुलेबाळे, तसेच ठाणे अंमलदार, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांना देवाने सद्बुद्धी व धैर्य द्यावे.