आधी जुना कूलर सुटू द्या

नवा कूलर कसा बसवायचा, ते खोक्यातल्या कागदावर चित्रांसकट दिलेलं असतं. जुना काढायचा कसा, याबद्दल तिथे फारसं काही नसतं, आणि माझा अनुभव सांगतो की घात तिथेच होतो.

भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये एएमडीचा रायझन 5 3600 होता. सोबत आलेला छोटा कूलर अकोल्याच्या मे महिन्यात पुरा पडेना. भाचा व्हिडिओ एडिटिंगला बसला की तापमान 90 अंशांवर जाई. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंशांची. म्हणून टॉवर कूलर आणला. जुन्याचे चारही स्क्रू सहज निघाले, कूलर उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही वर आला. सॉकेटची दांडी बंदच होती. एका कोपऱ्यातल्या काही पिना वाकल्या होत्या.

एएम4 सॉकेटचे प्रोसेसर असेच असतात. खालच्या बाजूला 1331 पिना, आणि सॉकेट त्यांना फक्त बाजूंनी आवळून धरतं. वरून दाबून ठेवणारं काहीच नाही. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या वाळलेल्या पेस्टची पकड त्याहून घट्ट निघते. इंटेलच्या सॉकेटवर प्रोसेसरभोवती धातूची चौकट असते, आणि 2022 मध्ये आलेल्या एएम5 वर एएमडीनेही तीच पद्धत घेतली. पण एएम4 ची मशीन अजून घरोघरी चालू आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो.

कूलर काढण्याआधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होईल. मग मशीन बंद करा, वायर काढा, आणि ऊब असतानाच स्क्रू सोडवा. या कूलरचे स्क्रू निघाले की मदरबोर्डमागची बॅकप्लेटही सुटी होते. तिला मागून हात लावून ठेवा. आणि कूलर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा. तो घसरतोय असं हाताला जाणवलं की मगच उचला.

तरीही प्रोसेसर निघून आलाच, तर तो तसाच परत दाबू नका. हेअर ड्रायरने कूलर गरम करा, प्रोसेसर कडांना धरून फिरवत सोडवा. वाकलेल्या पिनेसाठी 0.5 मिलिमीटरची क्लच पेन्सिल घ्या, शिसं काढून टाका. तिचं धातूचं टोक पिनेवर बसतं. अगदी थोडं-थोडं सरळ करा, घाई केली तर पिन तुटते. आम्ही तसंच केलं. मग दांडी वर करून, सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवून प्रोसेसर ठेवला. तो स्वतःच्या वजनाने आत बसायला हवा. जोर लागतोय म्हणजे एखादी पिन अजून वाकडी आहे.

पुढचं काम त्यामानाने सोपं. खरेदीआधीच कॅबिनेटमध्ये किती उंचीचा कूलर मावतो ते बघा. मोठे टॉवर 165 मिलिमीटरपर्यंत जातात आणि उंच रॅमला अडतात. तळाची पारदर्शक फिल्म काढा. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आलटून-पालटून आवळा, आणि पंख्याची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा.

मशीन सुरू केल्यावर आधी बायोसमध्ये तापमान पाहा. काही काम नसताना ते 90 कडे धावू लागलं तर लगेच बंद करा. फिल्म राहिली असेल किंवा कूलर नीट टेकला नसेल. परदेशी चाचण्यांतल्या आकड्यांशी मात्र तुलना करू नका. त्या बहुधा 20-25 अंशांच्या खोलीत होतात, आणि खोलीच्या हवेपेक्षा थंड करणं कोणत्याच पंख्याच्या कूलरला जमत नाही. मे महिन्यात तुमची खोली 38 अंशांवर असेल, तर दोन खोल्यांमध्ये जेवढा फरक, जवळपास तेवढाच आकड्यातही धरा.