जुनी मोठी मोटार : खरेदीचा भाव व पदरचा खर्च

आमचे एक मेहुणे लालबागेंत चाळींत राहतात; त्यांची हापूसची बाग गांवीं आहे. गेल्या हंगामाचे पैसे हातीं येतांच त्यांनीं आठ वर्षांची एक भारी डिझेल मोटार पाहून ठेविली व ती घ्यावी कीं नाहीं, असें मला विचारिलें. हल्लीं ज्यांस एस. यू. व्ही. म्हणतात त्या जातीची ही गाडी. मागणी चौदा लाखांची. नवी असतां हिला याच्या तिप्पट तरी पडले असतील, तेव्हां हत्ती घोड्याच्या भावांत मिळतो आहे, असें त्यांचें म्हणणें. आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांचें एक पाऊल गांवीं व एक गिरगांव, दादर, परळ येथें असतें, आणि हा मोह अनेकांस पडतो. म्हणून जो हिशेब मीं त्यांस कागदावर मांडून दाखविला, तो येथें देत आहें. महसूल खात्यांत कारकुनी केल्यामुळें आंकडे मांडल्याशिवाय मला बोलतां येत नाहीं, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, मोटारीची किंमत म्हणजे तिचा खर्च नव्हे. चौदा लाख देऊन चार वर्षांनीं ती सात लाखांस विकली गेली, तर खर्च सात लाखांचा झाला. व त्या काळांत गुंतलेल्या रकमेचें जें व्याज बुडालें, तेंही खर्चांतच. बैलजोडीचा हिशेब करतांना आपण वैरण धरतों, परंतु जोडीचें घसरणारें मोल धरीत नाहीं. तीच चूक येथें होते. खर्चाचे दोन भाग पाडावे : उभा खर्च, जो गाडी जागेवरून न हलली तरी चढतच राहतो, आणि चालता खर्च. पुढील आंकडे मेहुण्यांच्या प्रकरणापुरते अंदाजानें धरलेले आहेत. ज्यानें त्यानें आपापले घालावे.

उभा खर्च, सालीना : किंमतींतील घट १,७५,००० रुपये, सरासरी गुंतलेल्या साडेदहा लाखांवर शेंकडा सात दरानें व्याज ७३,५००, विमा ४०,०००, जागेचें भाडें दरमहा पांच हजारांप्रमाणें ६०,०००. एकूण ३,४८,५००.

चालता खर्च, वर्षास आठ हजार किलोमीटर धरून : लिटरास दहा किलोमीटर या मानानें ८०० लिटर डिझेल, नव्वद रुपयांप्रमाणें ७२,०००, चार टायरांचे बहात्तर हजार चार वर्षांत वांटून १८,०००, देखभाल व दुरुस्ती १,००,०००. एकूण १,९०,०००.

दोहोंची बेरीज ५,३८,५००. म्हणजे दरमहा सुमारें पंचेचाळीस हजार व दर किलोमीटरास सदुसष्ट रुपये. भाड्याची गाडी किलोमीटरास बावीस रुपयांनीं धरली, तर तेवढ्याच प्रवासास १,७६,००० लागतात. मेहुणे म्हणाले, "मग अधिक फिरवूं, म्हणजे खर्च वसूल होईल." तेंही करून पाहिलें. फिरणें दुप्पट केलें व दुरुस्ती तेवढीच धरली, तरी किलोमीटराचा खर्च एकोणचाळीस रुपयांखालीं येत नाहीं. आणि दुप्पट फिरलेल्या गाडीची दुरुस्ती तेवढीच राहील, असें कोण म्हणेल?

टोल यांत धरलेला नाहीं. मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांस ऑक्टोबर २०२४ पासून माफी मिळाली, ही सोय खरी. परंतु कोंकणाकडे जातांना १२ जानेवारी २०२४ रोजीं खुल्या झालेल्या अटल सेतूवर मोटारीस एका खेपेचे २५० रुपये असा दर ठरला, व पुण्याच्या द्रुतगती मार्गावर एप्रिल २०२३ पासून ३२० रुपये.

दुरुस्तीच्या लाखाबद्दल मेहुण्यांनीं हुज्जत घातली, म्हणून त्याविषयीं थोडें सविस्तर लिहितों. गाडी जुनी झाली कीं तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. चाळीस लाखांच्या गाडीचा भाग चाळीस लाखांच्या गाडीच्याच भावानें मिळतो, मग ती तुम्हीं चौदा लाखांस घेतलेली असो वा चार लाखांस. कित्येक उंची गाड्यांत लोखंडी स्प्रिंगांऐवजीं हवेच्या पिशव्या असतात. त्या वयानें फुटतात, व सगळ्या बदलावयाच्या झाल्यास खर्च लाखाच्या घरांत जातो. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी एक गाळणी असते. तींत साठलेली काजळी जाळावयास गाडी कांहीं काळ सलग वेगानें धांवावी लागते. दादरहून परळपर्यंत गर्दींत रखडणाऱ्या गाडीस तो वेग कोठला? गाळणी कोंदते, दिवा लागतो, आणि मालक दुकानाची पायरी चढतो.

कांहीं गाड्यांस धुराच्या शुद्धीकरितां युरियाचें द्रावणही लागतें. तें शेंकडा साडेबत्तीस युरिया व बाकी शुद्ध पाणी असें असतें. शेतकऱ्यानें हें वाचून घरच्या गोणींतला युरिया त्यांत कालवूं नये. आपला युरिया २०१५ पासून निंबोळीच्या तेलाचा लेप दिलेला असतो, व त्यानें तें महागडें यंत्र बिघडतें.

विम्याची गोष्ट निराळी. १५०० घन सेंटिमीटरांवरील खाजगी मोटारीस तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा १ जून २०२२ च्या दरानें ७,८९७ रुपये. खरा बोजा गाडीच्या स्वतःच्या विम्याचा. विकणाऱ्यानें कधीं भरपाई न मागितल्यामुळें मिळालेली सूट त्याची असते, गाडीची नव्हे. ती घेणाऱ्यास मिळत नाहीं.

भाव ठरवितांना आणखी एक पाहावें. मोठ्या एस. यू. व्ही. गाड्यांवर वस्तु व सेवा कर आणि उपकर मिळून शेंकडा ५० होता. तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झाला. नव्या गाड्या उतरल्या, तेव्हां जुन्या पावतीवर बोट ठेवून कोणी भाव सांगेल तर तो मानूं नये. दलाल जो शेंकडा १८ कर सांगतो, तो त्याच्या नफ्यावर असतो, सगळ्या किंमतीवर नव्हे.

मुंबईची गाडी असेल तर पाण्याची परीक्षा अवश्य करावी. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व असंख्य मोटारी बुडाल्या. तेव्हांच्या गाड्या आतां बाजारांत नसतील, परंतु हिंदमाताच्या सखल भागांत पाणी त्यानंतरही अनेकदां भरलें. पायाखालचा गालिचा उचलून चिखलाचा थर पाहावा, बैठकीखालचे स्क्रू गंजले आहेत काय तें पाहावें, पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर डाग आहे काय तें पाहावें. आंतून अत्तराचा घमघमाट येत असेल, तर अधिकच बारकाईनें पाहावें.

जागेचा प्रश्न मीं शेवटीं ठेविला होता, पण लालबागेंत तोच पहिला. फॉर्च्युनर घेतली तर ती ४,७९५ मिलिमीटर लांब व १,८५५ रुंद. खोताचीवाडीसारख्या गल्लींत ती शिरली, तर समोरून येणाऱ्यानें काय करावें? गणेशोत्सवांत लालबागचे रस्ते बंद होतात, तेव्हां चाळीपुढची गाडी आधींच दूर नेऊन ठेवावी लागते.

आतां कागद. मोटारीचें नोंदणीपुस्तक हा तिचा सात-बारा समजावा. सात-बाऱ्याच्या इतर हक्कांत जसा सोसायटीचा बोजा असतो, तशी कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद यांत असते. ती नमुना ३५ व बँकेचा दाखला दिल्याशिवाय उतरत नाहीं. मालकी बदलण्यास नमुना २९ व ३० लागतात. राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत कळवावें व घेणाऱ्यानें ३० दिवसांत नांव चढवून घ्यावें, असें १९८८ च्या कायद्याचें कलम ५० सांगतें. दक्षिण मुंबईची गाडी बहुधा एम. एच. ०१, म्हणजे ताडदेव कचेरीची. ई-चलनें थकली आहेत काय, तेंही आधींच पाहावें. फेरफार न करतां जमीन घेणाराचे हाल आपण पाहिलेले आहेत. येथें विकणाराचेही होतात : नांव बदललें नाहीं, तर अपघाताच्या भरपाईस नोंदलेला मालकच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे.

दिल्लीकडील गाडी स्वस्त मिळते, याचें कारण तेथें दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणानें २०१५ मध्यें घातलेली व २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायम केलेली बंदी. २०२५ मध्यें न्यायालयानें त्या सक्तीस आवर घातला. अशी गाडी येथें आणल्यास तिकडचा ना-हरकत दाखला लागतो, शिवाय वयाप्रमाणें कमी केलेला महाराष्ट्राचा कर पुन्हां भरावा लागतो. तेव्हां तो भावांत मिळवून मगच स्वस्त कीं महाग तें ठरवावें.

मेहुण्यांच्या गाडीच्या पुस्तकावर बँकेची नोंद तशीच निघाली. विकणारा म्हणाला, दाखला चार दिवसांत देतों. तीन आठवडे गेले. मेहुण्यांनीं तो नाद सोडला, चार मीटरांच्या आंतली पेट्रोलची जुनी गाडी साडेचार लाखांस घेतली, व उरलेल्यांतून बागेच्या विहिरीचा पंप बदलला. गाडी उभी करण्यास जागा मात्र अजून मिळालेली नाहीं; तूर्त ती शिवडीस एका नातेवाइकाच्या आवारांत असते, व तेथपर्यंत मेहुणे बसनें जातात.