न्यू ऑर्लीन्सला न झालेला सामना

मी इयत्ता सातवीत आहे. या अंकासाठी गुरुजींनी प्रत्येकाला परदेशातल्या एकेका खेळावर अभ्यास करून लिहायला सांगितले. माझ्या चिठ्ठीत 'अमेरिकन फुटबॉल : निवडक खेळाडूंचा सामना' असे निघाले. मी हिरमुसलो, कारण मला हॉकी हवी होती. पण गुरुजींनी शाळेच्या संगणकावर जे दाखवले ते वहीत उतरवून घेता घेता माझे मन बदलले. कसे ते पुढे कळेल.

प्रथम 'निवडक खेळाडूंचा सामना' म्हणजे काय ते सांगतो. समजा, आपल्या केंद्रातल्या सर्व शाळांचे कबड्डीचे सामने संपले. मग प्रत्येक शाळेतले एक-दोन उत्तम गडी निवडले, त्यांचे दोन संघ पाडले आणि त्यांचा आपसात एक सामना लावला. या सामन्याने कोणत्याही शाळेला ढाल मिळणार नाही. पण ज्याचे नाव पुकारले जाईल त्याच्या घरी त्या दिवशी गोडधोड होईल की नाही? बस, तसेच हे.

आता खेळ. नावात फुटबॉल असला तरी पायाचा उपयोग थोडा, हातांचा जास्त. चेंडू गोल नसतो, दोन्ही टोकांना निमुळता असतो. एका बाजूला ११ खेळाडू. मैदान १०० यार्ड लांब, म्हणजे सुमारे ९१ मीटर. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तेवढे जमले तर पुन्हा चार संधी, नाही जमले तर चेंडू दुसऱ्याकडे. चेंडू घेऊन पलीकडची शेवटची रेघ ओलांडली की ६ गुण. समोरचे मात्र चेंडूवाल्याला सरळ अंगावर येऊन पाडतात. म्हणून डोक्यात शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या. आपल्याकडच्या पकडी त्यापुढे लाडाच्या वाटतील.

तिकडे पैसे घेऊन खेळणाऱ्यांची जुनी मोठी संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. तिचा असा पहिला सामना १५ जानेवारी १९३९ रोजी लॉस एंजेलिसला झाला. एका बाजूला विजेता न्यूयॉर्क जायंट्स संघ, दुसऱ्या बाजूला इतर संघांतले निवडलेले खेळाडू. जायंट्स १३-१० ने जिंकले. १९४२ नंतर महायुद्धाच्या दिवसांत हे सामने बंद पडले. १९५१ पासून ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा नाव पडले 'प्रो बोल'. १९८० ते २००९ अशी तीस वर्षे हा सामना हवाई बेटांवर होनोलुलूला होत असे. खेळाडू बायकामुलांना घेऊन समुद्रकाठी जात, थोडे खेळत, थोडे हुंदडत. पुढे पुढे तो नुसता लुटुपुटीचा झाला. कोण कशाला हातपाय मोडून घेईल? २०१३ साली तर ६२-३५ असा धावफलक लागला, यावरूनच कोण किती अडवत होते ते समजा. शेवटी २०२३ पासून अंगावर जाऊन पाडणे बंदच केले. आता कमरेला फडकी लावून खेळतात, फडके ओढले की गडी थांबला. हा प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही असणार आहे.

एवढे लिहून मी वही मिटणार होतो. पण गुरुजी म्हणाले, "अरे, १९६५ चे बघितलेस का?" आणि मग जे वाचले ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मला सांगायचे आहे ते हेच.

१९६० साली एक नवी संघटना खेळू लागली होती, अमेरिकन फुटबॉल लीग. संघ फक्त आठ. जुनी संघटना थोरल्या भावासारखी, तिच्यापुढे ही धाकटी. पण या धाकट्या संघटनेने एक गोष्ट चांगली केली. कृष्णवर्णीय मुलांच्या कॉलेजांत जाऊन तिने भराभर खेळाडू घेतले. जुन्या संघटनेत तर १९३४ ते १९४५ या काळात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता! म्हणजे १९३९ चा जो पहिला सामना मी वर सांगितला, त्यातही सगळे गोरेच.

या धाकट्या संघटनेचाही निवडक सामना असे, पूर्व विरुद्ध पश्चिम. पहिले तीन सान डिएगोला झाले. चौथा, १६ जानेवारी १९६५ चा, दक्षिणेतल्या लुइझियाना राज्यात न्यू ऑर्लीन्स शहरी ठरला. मैदान टुलेन विद्यापीठाचे, ऐंशी हजार माणसे बसतील एवढे. त्या शहरातल्या पुढाऱ्यांना आपल्या गावाचा स्वतःचा व्यावसायिक संघ हवा होता. हा सामना नीट पार पडला की संघ मिळायला सोपे, असा त्यांचा हिशेब. सर्व खेळाडूंना सारखे वागवू, असा शब्दही दिला होता.

आता दक्षिणेकडची रीत सांगायला हवी. तिथे पिढ्यान्‌पिढ्या काळ्या माणसांच्या शाळा वेगळ्या, बसमधल्या जागा वेगळ्या, पाण्याचे नळसुद्धा वेगळे. हॉटेल, टॅक्सी, नाटकगृह, सगळीकडे भेद. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हा भेद बेकायदा ठरला. पण कायदा कागदावर आला म्हणून माणसाच्या मनातून लगेच जातो थोडाच! सामना ठरला तेव्हा कायद्याला जेमतेम सहा महिने झाले होते.

या सामन्यासाठी २१ कृष्णवर्णीय खेळाडू निवडले गेले होते. ते विमानतळावर उतरले आणि तिथूनच सुरुवात झाली. टॅक्सीवाले त्यांना घेईनात. कित्येकांना तिथेच ताटकळावे लागले. गोरा सोबती हात करी तेव्हा गाडी थांबे. संध्याकाळी शहर पाहायला निघाले तर तेच. क्लबच्या दारातून परत पाठवले, वर शिव्या ऐकवल्या. त्यांत अर्नी लॅड नावाचा एक खेळाडू होता. उंची ६ फूट ९ इंच, वजन ३०० पौंडांच्या वर. त्याचा जन्म याच लुइझियाना राज्यातला, म्हणजे तो काही परका नव्हता. दारावरच्या माणसाने त्याच्यावर पिस्तूल रोखले, असे खेळाडूंनी पुढे सांगितले आहे.

हे मी घरी आजीला वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "पैसे देत होते ना ते?" मी म्हणालो, "हो, देत होते." "पैसे खोटे होते का?" "नाही गं, खरेच." मग ती काही बोलली नाही, निवडायला घेतलेले तांदूळ तसेच सुपात राहिले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे १० जानेवारीला, हे २१ जण हॉटेलात एकत्र बसले. कुकी गिलक्रिस्ट, एबनर हेन्स, अर्नी लॅड, अर्ल फेझन अशी नावे त्यांत होती. वाद झाला, आणि तो होणारच. सगळ्यांचे मत पहिल्यापासून एक नव्हते. विचार करा, हे काही श्रीमंत लोक नव्हते. त्या काळी खेळाडूंचे पगार आजच्यासारखे डोंगराएवढे नव्हते, हंगाम संपला की बरेच जण दुसरी नोकरी करत. संघटना नवी, मालकांची मर्जी गेली तर उद्या संघात घेतील की नाही याची खात्री नाही. काहींना वाटे, खेळावे आणि मैदानावर दाखवून द्यावे. शेवटी ठरले की या शहरात खेळायचे नाही. सामान बांधून सगळे आपापल्या गावी निघाले.

रॉन मिक्स नावाच्या गोऱ्या खेळाडूने आधी त्यांना थांबण्याचा आग्रह केला. पण त्यांचा निर्णय झाल्यावर तो म्हणाला, मग मीही खेळणार नाही. मला हा माणूस फार आवडला. मत वेगळे असून सोबत उभे राहणे सोपे नाही, आमच्या वर्गात तर नाहीच नाही! बफेलो संघाचा जॅक केम्प यानेही त्यांची बाजू घेतली. तो पुढे राजकारणात गेला आणि १९९६ साली उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा होता.

संघटनेचा प्रमुख होता जो फॉस. दुसऱ्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक. त्याने खेळाडूंना दंड केला नाही की धमकावले नाही. सामनाच उचलून टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरी नेला. हातात पाच दिवस होते! न्यू ऑर्लीन्सचे महापौर मात्र रागावले, खेळाडूंनी निघून जायला नको होते असे त्यांचे म्हणणे पडले. १६ जानेवारीलाच ह्यूस्टनला सामना झाला, पश्चिमने पूर्वला ३८-१४ असे हरवले. प्रेक्षक होते पंधरा हजारांच्या आसपास. ऐंशी हजारांच्या मैदानाऐवजी एवढेच. म्हणजे पैशाच्या दृष्टीने संघटनेला हे महागच पडले असणार.

खेळाडूंचे पुढे काय झाले? गिलक्रिस्ट आणि हेन्स दोघांनाही त्यांच्या संघांनी त्याच वर्षी डेन्व्हरला पाठवून दिले. गिलक्रिस्टचे प्रशिक्षकाशी आधीच बिनसले होते, हेही सांगायला हवे. पण हेन्सचे तसे नव्हते, तो आपल्या संघाचा लाडका धावपटू होता.

१९६६ च्या जूनमध्ये दोन्ही संघटनांनी एक व्हायचे ठरवले आणि १९७० पासून त्या एकत्र खेळू लागल्या. तेव्हापासून प्रो बोल हा दोघांचा मिळून सामना झाला, पहिला जानेवारी १९७१ मध्ये.

आणि न्यू ऑर्लीन्स? त्या शहराला संघ मिळाला, पण १ नोव्हेंबर १९६६ रोजी. तोवर शहराला आपल्या वागणुकीत पुष्कळ बदल करावा लागला होता. संघाचे नाव सेंट्स. त्यांचा हंगामातला पहिला सामना १७ सप्टेंबर १९६७ रोजी त्याच टुलेनच्या मैदानावर झाला, जिथे तो १९६५ चा सामना व्हायचा राहिला होता. मैदान खचाखच भरले होते. सामन्याचा पहिलाच चेंडू सेंट्सच्या जॉन गिलियमने झेलला. तो कृष्णवर्णीय, दक्षिण कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून आलेला नवा खेळाडू. चेंडू घेऊन तो ९४ यार्ड पळाला आणि पलीकडची रेघ ओलांडून गेला. ऐंशी हजार माणसे उभी राहून ओरडत होती.

सामना मात्र सेंट्स हरले, २७-१३.